दीपाली वरठा आणि मुका भोंगा

दीपाली वरठाला राग आला की ती ओरडत नाही. आधी तिचा आवाज खाली जातो, मग पुस्तकी मराठी सुटते आणि पाड्यावरची बोली तोंडात येते. आमच्या कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने ‘आहे’चं ‘हाय’ केलं की स्टोअरमधली माणसं खुर्ची सोडून उठायची.

मी जागृती तामोरे, पालघरजवळच्या माहीमची. आमचं घर मासळीचं, पण मी शिकले आणि बोईसरच्या एमआयडीसीत, रंगांची कच्ची रसायनं बनवणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये लागले. दीपाली तिथे ठेकेदाराकडून आलेली कॉम्प्युटरवाली. प्रिंटर अडकला, उंदराने वायर कुरतडली, कुणी पासवर्ड विसरलं, की ‘दीपालीला बोलवा’. पण तिचं नाव ठेकेदाराच्या यादीत, आणि कॅन्टीनमध्ये ठेकेदाराच्या माणसांचं टेबल वेगळं. ती त्या टेबलावर बसायची नाही. माझ्या समोर येऊन डबा उघडायची आणि आजूबाजूला बघायची, कोण काय बोलतं ते. कुणी बोललं नाही कधी.

ती नागझरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. बाप चिंतू पावसाच्या पाण्यावर भात आणि थोडी नाचणी करायचा. दिवाळी झाली की सगळं घर वसईकडे वीटभट्टीवर जायचं. दीपाली सात वर्षांची होईपर्यंत भट्टीवरच्या झोपडीत अर्धं वर्ष काढायची, मग आश्रमशाळेत पडली म्हणून शिकली. पालघरच्या आयटीआयमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि बाकीचं सगळं स्वतः. मोबाइलवर व्हिडिओ बघत, जुनी मशीन उघडत. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात ह्याचं तिला वेडच होतं.

आमच्याकडे सात जुने कॉम्प्युटर होते. एक हजेरीचा, एक स्टोअरचा, एक आमच्या लॅबचा, असे. सातवा गॅसच्या भोंग्याचा. शेडमध्ये क्लोरीन सुटला तर भिंतीवरचे डिटेक्टर ते ओळखायचे, नेटवर्कवरून त्या कॉम्प्युटरला कळवायचे आणि तो भोंगा वाजवायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीने एक मोठा सर्व्हर घेतला आणि हे सातही कॉम्प्युटर त्याच्या पोटात घालायचे ठरवले. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. पेटी एकच, पण आत सात वेगळे कॉम्प्युटर नांदतात. प्रत्येकाला नेटवर्कचं आपापलं अडॅप्टर द्यावं लागतं, आणि ते बाहेरच्या जाळ्याशी कसं जोडायचं हे त्या सर्व्हरवर ठरवावं लागतं.

हे काम मुंबईच्या एका कंपनीचा विपुल नावाचा इंजिनिअर करत होता. शनिवारी दुपारी शेवटचं, भोंग्याचं मशीन त्याने आत घेतलं. पण जुना कॉम्प्युटर अजून चालूच होता आणि दोघांचा नेटवर्कवरचा पत्ता एकच. त्यामुळे भांडण लागलं, एक चालला की दुसरा पडायचा. विपुलला घरी जायची घाई. त्याने नव्या मशीनच्या अडॅप्टरची जोडायची पद्धत बदलली, ‘ब्रिज’वरून काढून ‘नॅट’वर टाकलं. भांडण मिटलं. मग त्याने कमलाकांत सरांना, म्हणजे आमच्या वर्क्स मॅनेजरांना, त्या मशीनवर एक वेबसाइट उघडून दाखवली.

“नेट चालतंय सर. सगळं ओके.”

सरांनी कागदावर सही केली. जुना कॉम्प्युटर बंद होऊन भंगारात गेला.

सोमवारी सकाळी दीपालीने भोंग्याची स्क्रीन बघितली. बाराच्या बारा डिटेक्टर हिरवे. पण कोपऱ्यातली वेळ शनिवार, चार वाजून बारा मिनिटांवर थांबलेली. प्रोग्राम शेवटचे आकडे धरून बसला होता. त्यानंतर एकाही डिटेक्टरचा शब्द त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

जेवायला बसल्यावर तिने मला सांगितलं. मला अडॅप्टरमधलं काही कळत नव्हतं.

“भट्टीवर एकच फोन होता,” ती म्हणाली, “मुकादमाचा. आपल्याला गावाला बोलायचं असलं तर तो लावून द्यायचा. पण गावाहून कुणी आपल्याला फोन केला तर? नंबर मुकादमाचा. तो म्हणायचा, इथे कुणी चिंतू नाही. माझी आजी गेली ते आम्हाला पाच दिवसांनी कळलं. नॅट म्हणजे तेच. आतलं मशीन सर्व्हरच्या नावाने बाहेर बोलू शकतं, पण बाहेरच्याने हाक मारली तर त्याच्यापर्यंत पोचत नाही. ब्रिज केलं की त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. डिटेक्टर बाहेरून हाका मारतायत, आणि आत ऐकायलाच येत नाही.”

“मग तू बदल ना.”

“मला नुसतं बघायचा अधिकार आहे. बदलायचा पासवर्ड विपुलकडे.”

तिने तिथूनच विपुलला फोन लावला, स्पीकरवर.

“अगं, त्याच्यावर नेट चालतंय ना? मग नेटवर्क ठीक आहे.”

“बाहेर जातंय सर. आत येत नाही. अडॅप्टर नॅटवर आहे, ते ब्रिजवर करा. दोन मिनिटांचं काम आहे, तिथे बसूनही होईल.”

“तू सेटिंगमध्ये गेलीस कशाला?”

“बघायला गेले. बदलता येत नाही म्हणून तर तुम्हाला फोन केला.”

“शुक्रवारी येतोय मी. तेव्हा बघू.” फोन ठेवला.

दुपारी मी रिपोर्टवर सही घ्यायला कमलाकांत सरांच्या केबिनमध्ये उभी होते. दीपाली दार ढकलून आत आली.

“सर, भोंगा मुका झालाय. गॅस सुटला तर वाजणार नाही.”

सरांनी मान वर केली नाही. “विपुलने टेस्ट करून दिलंय.”

“त्यांनी वेबसाइट उघडून दाखवली. भोंग्याला वेबसाइटशी काय घेणं? डिटेक्टरसमोर टेस्टच्या गॅसची बाटली धरून बघा एकदा. वाजला तर मी कान पकडते.”

“गुरुवारी ग्राहकाचं ऑडिट आहे. तोपर्यंत सर्व्हरला कुणी हात लावायचा नाही. आणि तुझ्या सांगण्यावरून मी शेड थांबवू?”

“मग लोकांना सांगा तरी. शेडमध्ये फळ्यावर लिवा, भोंगा बंद हाय म्हणून.”

लिवा, हाय. सर माझ्याकडे बघून हसले, जसं काही आम्ही दोघं एका बाजूला आणि ती दुसऱ्या. मीसुद्धा थोडं हसले. ते हसू मला अजून सलतं.

तिने संध्याकाळी सरांना मेल पाठवला. तीनच ओळी. उत्तर आलं नाही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला शेडमध्ये एका क्लोरीनच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळायला लागला. मी लॅबच्या खिडकीशी होते. आधी वास आला, मग शेडच्या पुढच्या दारातून माणसं तोंडावर रुमाल धरून पळत येताना दिसली. भोंगा नाही. नुसते ओरडण्याचे आवाज, “गॅस है, भागो, भागो!” आणि मागच्या बाजूला मिक्सर इतके मोठ्याने चालतात की तिथे ओरडणं ऐकू जात नाही.

दीपाली ऑफिसातून धावत आली. गेटजवळ रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, फार वर्षांपूर्वी पाळी बदलल्याची घंटा म्हणून वाजवायचे. तिने वॉचमनने पुढे केलेली काठी टाकून दिली, कुणाच्या तरी हातातला मोठा पाना हिसकावला आणि त्या रुळावर घण घालावा तसे घाव घातले. तिच्या तळहाताची कातडी सोलवटली तरी थांबली नाही. तो आवाज मागे पोचला. मागची माणसं बाहेर आली.

आम्ही सगळे वाऱ्याच्या उलट्या बाजूला, गेटाबाहेरच्या मोकळ्या जागेत जमलो. हजेरी घेतली गेली.

“सत्तेचाळीस. पूर्ण आहेत,” कमलाकांत सर म्हणाले.

“लाडकीबाय कुठं हाय?” दीपालीने विचारलं.

“कोण?”

“लाडकी! ड्रम धुणारी. शेडच्या मागे, भिंतीपाशी बसते.”

सरांनी कागद वर-खाली बघितला. “ह्या यादीत नाही.”

यादी कायम कामगारांची होती. ठेकेदाराच्या माणसांची यादी ठेकेदाराच्या मुकादमाकडे, आणि मुकादम त्या दिवशी आलाच नव्हता. दीपालीने सरांच्या हातातला तो कागद घेतला, चुरगाळला आणि शेडच्या दिशेने चालू लागली. दोघा पोरांनी तिला धरलं. तेवढ्यात श्वासाचा मास्क चढवलेले दोन कामगार आत गेले आणि पाच मिनिटांनी लाडकीबायला उचलून घेऊन आले. ती शुद्धीवर होती. डोळे लाल, तोंडातून फेस, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. चाळिशीची बाई, एकदम म्हातारी दिसली.

दीपाली रुग्णवाहिकेत तिच्याबरोबर गेली.

त्याच संध्याकाळी स्क्रीनवरची थांबलेली वेळ अचानक पुढे धावली. कुणीतरी डिटेक्टरसमोर बाटली धरून बघितली आणि भोंगा एमआयडीसीभर वाजला. मी पायऱ्यांवर उभी होते.

गुरुवारी सकाळी दीपालीचं कंपनीचं मेलचं खातं बंद झालेलं होतं. शुक्रवारी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद. एक दीपालीसाठी: मी परवानगीशिवाय सर्व्हरच्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये बदल केला, त्यामुळे भोंगा बंद पडला. दुसरा माझ्यासाठी: दीपाली वरठा सर्व्हररूममध्ये वारंवार एकटी असे, हे मी पाहिले आहे.

“यात खोटं काही आहे का?” सरांनी विचारलं.

नव्हतं. ती असायचीच तिथे, तिचं कामच ते. यात खोटं नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि सही केली. पेनाचं टोपण शांतपणे लावलं. ते मला नंतर जास्त भयंकर वाटलं.

मग दीपालीला आत बोलावलं. तिने तिचा कागद वाचला, उभा फाडला, आडवा फाडला आणि सरांच्या चहाच्या कपात टाकला.

“सही पायजे ना तुमाला? ज्याने अडॅप्टर बदललं त्याची घ्या. सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. कोण आला, कधी आला, काय बदललं. तुमी वाचलं नाय, म्हणून काय तो गप बसतो?”

सरांनी तिला सोमवारपर्यंत घरी बसायला सांगितलं.

सोमवारी कारखान्याचे सरकारी इन्स्पेक्टर चौकशीला आले. म्हातारे, शांत गृहस्थ. ऑफिसात ते, कमलाकांत सर, मुंबईहून आलेला विपुल आणि मी. दीपालीला बाहेर बाकावर बसवलं होतं. सर सांगत होते, ठेकेदाराची एक मुलगी, अर्धवट शिकलेली, तिने प्रयोग केले. विपुल मान हलवत होता. इन्स्पेक्टरांनी माझा कागद वाचला.

“मुलगी कुठे आहे?”

तिला आत घेतलं. हाताला पट्टी. तिने कुणाला नमस्कार केला नाही.

“साहेब, मेल केला होता. खातं बंद केलं, म्हणून दाखवता येत नाही. पण सर्व्हरची नोंद बंद करायची राहिलीय ह्यांची. तुमच्या समोर उघडते.”

“सर्व्हरमध्ये हिला हात लावू देऊ नये सर,” विपुल म्हणाला.

“मग तुम्ही उघडा,” इन्स्पेक्टर म्हणाले. “ती सांगेल तिथे जा.”

विपुल कॉम्प्युटरसमोर बसला. दीपाली त्याच्या खुर्चीमागे उभी राहून एकेक जागा सांगत गेली. नोंद उघडली. इन्स्पेक्टरांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. भोंग्याचं मशीन, नेटवर्क अडॅप्टर, ब्रिजवरून नॅट: शनिवार, चार वाजून बारा. करणारा: विपुल. त्याच्याखाली पुढची ओळ. नॅटवरून ब्रिज: बुधवार, पाच वाजून चाळीस. करणारा: विपुल. मधे कुणाचंही नाव नाही.

“बुधवारी पाच चाळीसला ती गॅस लागलेली बाई कुठे होती?” इन्स्पेक्टरांनी विचारलं.

“ऑक्सिजनवर,” दीपाली म्हणाली. “सकाळपासून. आणि हे सोमवारी दोन मिनिटांत होत होतं.”

“सर, तांत्रिक चूक झाली असेल,” कमलाकांत सर घाईने म्हणाले. “पण व्यवस्थापनाला कुणी कळवलंच नाही. कळलं असतं तर आम्ही लगेच...”

आतापर्यंत भीती होती, ती एकदम संतापात गेली. त्यांच्यावर, त्या कागदावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर.

“कळवलं होतं,” मी म्हणाले. माझा आवाज चिरका निघाला. “सोमवारी दुपारी. मी केबिनमध्ये उभी होते. तिने सांगितलं, भोंगा वाजणार नाही, फळ्यावर लिहा. सर म्हणाले, ऑडिटपर्यंत हात लावायचा नाही. आणि तो माझा कागद, साहेब, तो परत द्या. त्यात खोटं नाही, पण तो खोट्यासाठी घेतलाय.”

सर माझ्याकडे बघत राहिले. दीपालीने बघितलं नाही.

इन्स्पेक्टरांनी माझा जबाब नव्याने लिहून घेतला. चौकशीत दोष मुंबईच्या त्या कंपनीवर आणि आमच्या व्यवस्थापनावर आला. कमलाकांत सरांची बदली झाली, गुजरातमधल्या दुसऱ्या कारखान्यात, त्याच हुद्द्यावर. लाडकीबायच्या औषधपाण्याचा भार कंपनीला उचलावा लागला. हजेरीच्या यादीत आता ठेकेदाराची माणसंही असतात. मला लॅबमधून काढून स्टोअरच्या कागदांवर बसवलं. आणि दीपालीचा ठेका पुढच्या महिन्यात संपला. नव्याने केलाच नाही. कारण विचारलं तर म्हणे, काम संपलं.

चौकशीच्या दिवशी गेटबाहेर मी तिला गाठलं होतं.

“दीपाली, माझं चुकलं.”

“लाडकीबायला सहा दिवस झाले आज तिथे,” ती म्हणाली. “सहा दिवस श्वास मोजतेय ती. तू आज बोललीस. बोललीस ते बरं झालं. पण मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाय.”

ती रिक्षात बसून निघून गेली. मला राग आला तिचा. एवढं सगळ्यांसमोर बोलले, नोकरी पणाला लावली, आणि ही अशी! घरी पोचेपर्यंत तो राग कुठे जायला हवा ते कळलं.

तिला दोन महिन्यांनी पालघरमधल्या एका पतपेढीत काम मिळालं. तिथेही ती भांडते असं ऐकते.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी मी लाडकीबायला बघायला तिच्या गावी गेले. आधी कधी गेले नव्हते. ती शेतावर आहे असं कळलं. सुट्टीची मदतीला आलेली दीपाली आणि ती, दोघी भात कापत होत्या. लाडकीबाय चार मुठी कापायची आणि बांधावर बसायची. छातीत तीच शिट्टी. पावसाळ्यात लावणीला तिला वाकताच आलं नाही, ती दिरांच्या घरच्यांनी केली. कारखान्यातलं काम तर गेलंच.

दीपाली कापत होती आणि तोंडाने चालू होती. कमलाकांत, विपुल, ठेकेदार, औषधाची चिठ्ठी पास करायला तीन आठवडे लावणारा कंपनीचा माणूस, एकेकाचं नाव घेऊन ती भाताच्या मुठीला झटका देत होती.

“बास कर गं, पोरी,” लाडकीबाय दम खात म्हणाली. “किती शिव्या देशील?”

“भात संपेपर्यंत. आणि मग नाचणी हाय.”

मी बांधावर चप्पल काढली. मासळीवाल्याच्या घरातली मी, भाताला कधी हात लावलेला नाही. पडलेला दुसरा विळा उचलला. दीपाली थांबली. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

“येतं तुला?”

“नाही.”

“मग असा नको धरू, बोट तुटेल.” ती आली, माझ्या हातातला विळा तिने रागानेच फिरवून नीट बसवला. “खालून काप. आणि माझ्या ओळीत येऊ नको. तुझी ओळ ती, तिकडची.”

मी तिकडच्या ओळीत गेले.